त्सेवेलमाचा बंद पडलेला चहा

दारखान गावाच्या कडेला, जिथे डांबरी रस्ता हात टेकतो आणि नुसता उतार उरतो, तिथल्या कुत्र्यांना एल्डर लडलोचा वास पाठ होता. एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात ती त्याला अशी पोचती करायची, की एकाचं भुंकणं संपायच्या आत दुसऱ्याने सूर उचललेला असे. माणसं त्यातल्या त्यात बरी होती म्हणावं, तर तसंही नाही. कुत्री निदान लांबून भुंकायची.

एल्डर म्हणजे ज्येष्ठ. हा ज्येष्ठ नुकता कुठे शाळेतून सुटला होता, आणि रोज सकाळी गालावरून जे मन लावून खरवडायचा ते मुळात तिथे नसायचंच. अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरून त्याच्या मॉर्मन चर्चने त्याला दोन वर्षांसाठी मंगोलियात धाडलं होतं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी. पाण्याच्या टाकीवर रांगेत उभ्या असलेल्या बायका आधी ती पाटी वाचायच्या, मग वर त्याचं तोंड पाहायच्या, आणि एकमेकींना कोपरं मारायच्या.

"ज्येष्ठ आले गं! उठून उभ्या राहा!"

"उभ्याच आहोत की. त्यांना कडेवर कोण घेतंय ते सांग."

थंडी तर अशी, की शिंकसुद्धा बाहेर पडायच्या आधी दोनदा विचार करायची. पण थंडी परवडली, जोडीदार नको. मिशनवरच्या पोरांना एकट्याने हिंडायची मुभा नसते. जोडी लावून देतात ती वरून, आणि त्या दोघांनी एकमेकांच्या नजरेआड, कानाआड व्हायचं नाही. संडासाचं दार तेवढं मधे आलं तर चालतं. लडलोच्या वाट्याला आला होता मंगोलियातल्याच एर्देनेत गावचा गल्सनदोर्ज. तोही एल्डर, त्याचीही पाटी, पण जीभ अशी की इस्त्रीऐवजी शर्टावरून फिरवली असती तरी चाललं असतं.

"तुझं मंगोल ऐकलं की वाटतं, कुणीतरी माझ्या आजीला जिन्यावरून ढकलतंय," गल्सन सकाळच्या अभ्यासाला म्हणायचा. "नामं बरोबर, विशेषणं बरोबर. क्रियापद आलं की धप्प."

"मग शिकव ना."

"बटाटेवाल्या, मी धर्म शिकवायला आलोय, चमत्कार करायला नाही."

दोघं गुडघे टेकून शेजारी शेजारी प्रार्थना करायचे आणि त्यात देवाकडे एकमेकांच्या तक्रारी करायचे, मोठ्याने. दुपारी शाळेत इंग्रजीचे वर्ग, मग कुणाकडे कोळसा भरून दे, कुणाकडे बर्फ खणून दे, आणि संध्याकाळी ज्याने बोलावलं असेल त्याच्या घरी धर्माची चार वाक्यं. बोलावणारे थोडे. बोलावून मग दिवा मालवून घरात गप्प बसणारे पुष्कळ.

वर्षभरात या गावात एकाच माणसाने लडलोला वासरू म्हटलं होतं. बाकी सगळ्यांनी गाढव. ते एक माणूस म्हणजे त्सेवेलमा म्हातारी. चार हिवाळ्यांपूर्वी ती चर्चमध्ये आली, बाप्तिस्मा घेतला, आणि तेव्हापासून दर रविवारी पुढच्या बाकावर बसायची. लडलो नवा असताना एकदा चर्चच्या मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडत होता, तर हिने त्याचे डोळे आपल्या पदरासारख्या लांब बाहीने पुसले आणि म्हणाली, "रडू नको, वासरा. नाकाला बर्फ धरेल." त्या म्हातारीचा पाय बर्फावरून घसरून मोडला. प्लास्टर वसंतापर्यंत. घरातल्या घरात ती भिंत धरून लंगडायची, चुलीपाशी बसायची, पण उतार उतरून चर्चला येणं शक्य नव्हतं. तिने निरोप पाठवला: मला रविवारचा पाव आणि पाणी पाहिजे. प्रभुभोजन चुकलं की तिला आठवडा जात नसे. लडलो सगळ्यांसमक्ष म्हणाला, मी नेईन. दर रविवारी. काही झालं तरी.

"तिच्या नवऱ्याचं नाव ऐकलंयस?" गल्सनने विचारलं.

नाही ऐकलं. नवरा बदार्च. जन्मभर ट्रक चालवलेला, आणि बंद पडलेल्या ट्रकशी भांडत बसलेला माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात बोलणारा.

पहिल्या रविवारी लडलो उत्साहात पुढे धावला. गल्सन मागे फाटकाशी कुत्र्याची साखळी किती लांब ते बघत होता. तोवर या शहाण्याने, बापाने शिकवलं होतं तसं, गेरच्या दारावर तीनदा ठोठावलं. आता लोकरीच्या त्या गोल घराच्या दारावर कुणी ठोठावत नाही. लांबूनच "कुत्रा धरा!" अशी हाक घालायची, मग कुत्रा असो नाहीतर नसो. दार बडवतात ते पोलीस, नाहीतर दारुडे.

दार उघडलं. बदार्चने विचारलं, "कोण मेलं?"

"कुणी नाही, आजोबा."

"मग दार कशाला बडवतोयस? थांब, मरेल कुणीतरी."

"बहीण त्सेवेलमांसाठी आम्ही..."

"बहीण? तुझी बहीण? ही? तुझ्या आईबापांना विचारलंयस का?" म्हाताऱ्याने गल्सनकडे पाहिलं. "आणि हा कोण? आपल्यातलाच दिसतोय. परक्याने परका देव आणला तर समजू शकतो, त्याला बिचाऱ्याला दुसरा ठाऊक नाही. तू कशाला ओझी वाहतोस? तू बाहेर. हा एकटा आत येईल."

"एकटा नाही येऊ शकत," गल्सन म्हणाला. "आम्हाला एकमेकांच्या नजरेआड व्हायची परवानगी नाही."

हे त्याने सांगायला नको होतं. बदार्चच्या तोंडावर असं हसू पसरलं, जसं चढावर पुढचा ट्रक बंद पडलेला दिसला की पसरायचं.

"मग ठरलं. एकच आत."

लडलोने त्सेवेलमाकडे पाहिलं. ती पलंगावर उठून बसली होती, दोन्ही तळवे पुढे करून. तो उंबरा ओलांडून आत गेला आणि दार सताड उघडं ठेवलं. गल्सन अंगणात, कुत्र्याच्या साखळीपासून हातभर लांब, बरोबर दारासमोर उभा राहिला. नियम तो नियम. उत्तरेकडचा वारा पाहुण्यासारखा आत आला आणि चुलीपाशी जाऊन बसला.

"दार लाव!" बदार्च ओरडला.

"लावलं तर मी दिसणार नाही, आजोबा," गल्सन बाहेरून गोड आवाजात म्हणाला.

चहा विचारायची पद्धत म्हणून बदार्चने वाडगा पुढे केला. लडलोने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत उचलला आणि न पिता परत दिला. त्यांच्या धर्मात चहा वर्ज्य. म्हाताऱ्याची नस तिथेच दुखत होती. या बाईने बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून तिने चहाची कढई चुलीवर चढवली नव्हती. तोपर्यंत ती रोज पहाटे उठायची, विटेसारखा दाबलेला चहा कुटायची, गोठलेल्या दुधाची ढेप फोडायची, मीठ घालायची, आणि पहिली पळी दाराबाहेर आभाळाकडे उडवायची. आता हे सगळं बदार्च करायचा. आभाळाला बाईच्या हातचा चहा लागतो असं त्याचं ठाम मत होतं, आणि चार हिवाळ्यांत जे जे बिघडलं ते सगळं त्याने या एका खुंटीला टांगलं होतं. शेळ्या मेल्या, चहामुळे. ट्रकचा आस तुटला, चहामुळे. शेजारच्या दावाने कुस्तीत मेंढा जिंकला, तोही चहामुळे, नाहीतर दावाचे पाय कुणी पाहिलेत का?

लडलोने पाव मोडला आणि प्रार्थना सुरू केली. ही प्रार्थना छोटी असते, पण ती शब्द न् शब्द बरोबर म्हणावी लागते. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. चर्चमध्ये तो कागद बघून म्हणायचा. इथे वाऱ्याने कागद नेला तो सरळ चुलीत. 'खातील' म्हणायचं तिथे तो म्हणाला 'खाऊ घालतील'.

"चूक!" अंगणातून गल्सन ओरडला. "पुन्हा!"

पुन्हा. या वेळी दुसरंच क्रियापद आपटलं.

"चूक! पुन्हा!"

गल्सनची पापणी पापणीला चिकटायला लागली होती, पण त्याला या कामात गोडी वाटत होती. आत बदार्च बादलीतला कोळसा चुलीत लोटत होता आणि सगळी ऊब दारातून गल्सनच्या अंगावर जाताना बघत होता. "चार ओळी येत नाहीत," तो म्हणाला, "आणि मला स्वर्गाचा रस्ता दाखवणार! अरे, रस्ता चुकणाऱ्याच्या मागे मी रेशनची पिशवी घेऊन जाणार नाही."

चौथ्या वेळी जमलं. त्सेवेलमाने पाव घेतला, पाणी घेतलं, आणि लडलोचा गार हात दाबला. तो हात त्याला आठवडाभर पुरला.

असे रविवार चालले. बदार्चला वाटलं होतं, पोरं थंडीने पळतील. पोरांना वाटलं होतं, म्हातारा कोळशापायी दुसऱ्यालाही आत घेईल. दोघंही हट्टाला पेटले, आणि पेटलं नाही ते फक्त घर. कोळशाचा ढीग खाली खाली जात होता. प्रार्थना मात्र बदार्चला ऐकून ऐकून तोंडपाठ झाली. एका आठवड्यात त्याने ती पुटपुटत जुन्या ट्रकचं इंजिन पुसलं, आणि तो ट्रक किल्ली न लावता सुरू झाला, असं शेजारी शपथेवर सांगतात. पण ते शेजारी शपथा फार घेतात. एवढं खरं, की पुढच्या रविवारी गल्सनच्या आधी आतूनच आवाज आला.

"चूक! 'खातील' म्हण, गाढवा. पुन्हा!"

लडलो चमकून थांबला. त्याच्या कानात आता दिवसरात्र तोच एक शब्द वाजत असे. जेवताना चूक, झोपेत चूक. शाळेत मुलांनी वाक्य म्हटलं की त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, चूक, पुन्हा.

"एक विचारू?" बदार्च मांडी बदलून म्हणाला. "एक शब्द चुकला तर तुमच्या देवाला चालत नाही?"

"नाही, आजोबा. जसंच्या तसं पाहिजे."

"क्रियापदसुद्धा?"

"क्रियापद तर नक्कीच."

"मग तुमच्या त्या आधीच्या ज्येष्ठाने हिला चहाबद्दल काय सांगितलं, तेही आज जसंच्या तसं ऐकू दे. म्हणजे ज्या शब्दांनी माझं घर मोडलं, ते मला कळतील. सांग गं."

त्सेवेलमा घाईने म्हणाली, "आता कशाला ते? पोराला पाव देऊ दे. बाहेरचा तो पोरगा गोठला."

"गोठू दे. सांग."

म्हातारीने छपराच्या गोल भोकाकडे पाहिलं. "एल्डर विटबेक म्हणाले, बहीण त्सेवेलमा, आजपासून चहा करायचा नाही."

"चूक," लडलो म्हणाला. "'करायचा नाही' नव्हे. 'प्यायचा नाही'."

उचकी लागावी तसं ते निघून गेलं. शब्द बाहेर पडला आणि दारातल्या थंडीत लोंबकळत राहिला.

"बरोबर!" अंगणातून गल्सन ओरडला. सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदाच.

बदार्च हळूहळू उठला. "म्हणजे करायला बंदी नव्हती?"

लडलोने त्सेवेलमाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्याने यापूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि ते बंदुकीच्या नळीतून त्याच्याकडे बघत होतं. पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं. तेही त्यांच्यात वर्ज्य.

"नाही, आजोबा. फक्त प्यायला."

"चार हिवाळे!" म्हातारा टोपी न घालता बाहेर धावला. कुंपणावर चढून त्याने दावाला हाक मारली, दावाच्या बायकोला हाक मारली, रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी उंटवाल्यालाही थांबवलं. "ऐकलंत का? एका पोराला क्रियापद येत नव्हतं, म्हणून माझं आभाळ चार वर्षं उपाशी!" जाता जाता त्याने गल्सनला दंडाला धरून आत ढकललं, आणि पाठोपाठ रविवारचं ते दार पहिल्यांदाच लागलं.

घर उबदार झालं. त्यात त्सेवेलमाचा आवाज तेवढा गार होता.

"मला माहीत नव्हतं असं वाटतं तुला?"

"काय, आजी?"

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या विटबेकला करणं आणि पिणं यातला फरक कळत नव्हता. मला कळतो. मी चाळीस वर्षं केला आणि ह्याने चाळीस वर्षं प्यायला." तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "पहाटे बर्फ फोडून चूल पेटवायची, आणि हा लोळत विचारणार, मीठ घातलंस का? स्वर्ग देव देईल तेव्हा देईल. त्या पोराने मला सकाळची झोप दिली होती. चूक का असेना, माझी चूक होती ती. तुला कुणी सांगितली होती सुधारायला?"

लडलोने पावाचा तुकडा पुढे केला. तिने हात पांघरुणात घेतले.

"ने तो. तुझ्या हातचं मला काही नको, गाढवा."

उतार उतरताना गल्सन म्हणाला, "अभिनंदन. म्हातारा जिंकलास, म्हातारी घालवलीस."

लडलोने त्याच्या अंगावर बर्फ लाथाडला. गल्सनने परत लाथाडला. दोन ज्येष्ठ रस्त्यात तसे झुंजत असताना टाकीवरच्या बायकांनी रांग सोडून गोल धरला, पैजा लावल्या, आणि शेवटी कुणीच पडलं नाही म्हणून दोघांनाही शिव्या दिल्या.

आठवडा कडू गेला. लडलोने अन्न टाकलं, क्रियापदं तर कधीच टाकली होती. आठवड्यातून एकदा घरी फोन करायची सवलत असे; आईला त्याने सगळं सांगितलं. "खरं बोललास ना? मग झालं तर," आई म्हणाली. कानाआड व्हायचं नाही म्हणून गल्सन शेजारीच बसला होता.

"तुझ्या आईला म्हणावं, इतकं सोपं आहे तर इथे ये आणि म्हाताऱ्याला चहा करून दे."

"करून दे," लडलो फोन ठेवता ठेवता पुटपुटला.

पुढच्या रविवारी बदार्च फाटकापाशी कुत्रा धरूनच उभा होता. "या, या! दोघंही या!" आत मात्र चूल नुसतीच जळत होती. कढई उपडी. त्सेवेलमा भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"आठवडा झाला, कढईला हात लावत नाही," बदार्च म्हणाला. "तू सांग तिला. बंदी नाही म्हणून सांग, जसंच्या तसं!"

"माझा पाय मोडलाय," भिंतीकडून उत्तर आलं.

"चहा पायाने करतात का?"

"तू जन्मभर तोंडाने करत आलास, मी काही म्हटलं?"

लडलोने कोट काढला. शर्टाच्या बाह्या वर सारल्या, टाय खांद्यावरून मागे टाकला आणि कढई सुलटी केली. "चहाची वीट कुठे आहे, आजी?"

"हे काय चाललंय?" गल्सन म्हणाला. "आज रविवार आहे. काम करायचं नसतं. आणि छातीवर पाटी लावून चहा?"

"प्यायचा नाही," लडलो म्हणाला. "करायचा नाही असं कुठे म्हटलंय?"

गल्सनने शब्द न् शब्द तपासला. वाक्य बरोबर होतं, क्रियापदासकट.

पण चहा काही वाक्यासारखा सुधारत नाही. लडलोने विटेचा एवढा मोठा तुकडा तोडला की त्याला घोडं बुजलं असतं. दुधाची ढेप त्याने सुरीने, मग हातोडीने, मग बदार्चच्या पान्याने फोडली. एक कपची उडाली ती कुत्र्याने बाहेरच्या बाहेर झेलली. भिंतीकडचं तोंड थोडं वळलं.

"आधी पाणी उकळू दे, रेड्या! दूध नंतर. पळी उचल. उंचावरून ओत. अजून उंच. तुझी उंची काय नुसती दारं बडवायला दिलीय?"

लडलो पळीवर पळी उचलत होता. घाम पाटीवरून ओघळत होता. मीठ घालायची वेळ आली आणि तो अडला. चव कोण बघणार? त्याला बंदी. गल्सनला बंदी. त्सेवेलमाला बंदी. त्याने चिमूट हवेत धरून अंदाजाने सोडली, आणि मग भीतीने आणखी एक.

बदार्चने पहिली पळी दाराबाहेर नेऊन वर फेकली. थंडी इतकी होती की चहा वर गेला तो गेला, खाली आली ती नुसती बर्फाची वाळू, खळखळ वाजत. आत येऊन त्याने वाडग्यातला घोट घेतला. त्याचे डोळे मिटले, मान आखडली.

"हा चहा आहे का शेळीची जखम धुवायचं पाणी? माझं आभाळ आजारी पडेल! ओत. दुसरा कर."

"दुसरा?"

"जसंच्या तसं होईपर्यंत!"

त्सेवेलमा आता पूर्ण उठून बसली होती. नवऱ्याचं वेडंवाकडं झालेलं तोंड तिने नीट पाहून घेतलं, सावकाश, सणाचं जेवण जेवावं तसं.

"ऐक," ती लडलोला म्हणाली. "दर रविवारी तू. बाकीचे दिवस हा आपला आपण करील. माझी झोप जिथे होती तिथेच राहील. आणि तुझी बदली झाली की पुढच्या गाढवाला शिकवल्याशिवाय गाव सोडायचं नाही. कबूल?"

"मला विचारा की!" बदार्च ओरडला. "चहा मी पितोय!"

"तुला कुणी पिऊ नको म्हटलंय?"

लडलो म्हणाला, "कबूल." मग हात धुतले, प्रार्थना म्हटली, एकदा चुकला, पुन्हा म्हटली. त्सेवेलमाने पांघरुणातून हात काढला. पावाचा तुकडा तिने घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही, हातही दाबला नाही. बराच वेळ चावत राहिली.

"पावाला मीठ कमी आहे," ती शेवटी म्हणाली.

"सगळं माझ्या वाडग्यात पडलंय ना!" बदार्च म्हणाला. "पुढच्या रविवारी पावही यालाच भाजायला लाव."

"लावते. आणि तो दुसरा नुसता उभा का राहतो?"

"कोळसा आणील की. हा माझं कोळशाचं देणं लागतो म्हण."

नवरा-बायको त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच एका बाजूने बोलत होती. लडलो कढईच्या बुडाला करपलेलं दूध खरवडत होता आणि गल्सन, बाह्या वर सारत, पुटपुटत, त्याच्या शेजारी बसायला जागा शोधत होता.